कपाळ पाहून थांबणारे यंत्र

शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, रांझीतल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवात, तबक घेऊन फिरणारा भाड्याचा रोबोट सुनेत्राबाईंसमोर आला आणि न थांबता पुढच्या खुर्चीकडे वळला. त्यांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. त्यांचे यजमान मागच्या वर्षी वारले.

रोबोटला तसेच शिकवलेले होते: कपाळावर कुंकू दिसले तरच थांबायचे. शिकवणारी इंजिनिअर प्रणोती ही सुनेत्राबाईंचीच मुलगी. मंडळाच्या अध्यक्षा विनताताईंनी तसे शिकवायला सांगितले, तेव्हा ती अडखळली होती.

"अगं, एखादीला हातानं टाळायचं म्हणजे आपल्यालाच कसंतरी होते," विनताताई म्हणाल्या होत्या. "मशीननं टाळलं तर बोल कोणाला?"

आई काही येणार नाही, असे धरून प्रणोतीने ते करून दिले.

मागच्या ओळीतली मेघनाही टिकली न लावता आली होती. रोबोट तिलाही ओलांडून गेला.

"आंटी, मैं तो शादीशुदा हूँ, इसको बोलो न!"

हशा पिकला. विनताताईंनी पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले, एक मेघनाला दिली. मग सुनेत्राबाईंजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीपण लावून घ्या एक. मशीनला काय समजते?"

"मशीनला नाही समजत. तुम्हाला तर समजते न?"

प्रणोती धावत आली. "आई, चल घरी."

"काहून? मी काय केलं? हे शिकवलं कोणी त्याला?"

"मी."

सुनेत्राबाईंच्या बाबतीत वर्षभर हेच चालले होते. आजवर माणसे करत होती, इतकेच.

प्रणोतीने रोबोट जागीच बंद केला, ती सूचना पुसली आणि रोबोट भाड्याने देणाऱ्या कंपनीचे मालक, शैलेंद्र यांना फोन लावला. "सर, बाईला कपाळावरून गाळणारं मी पुन्हा नाही बनवणार. कोणत्याच मशीनमध्ये."

"मॅडम, नियम हम थोड़ी बनाते हैं. ग्राहक जो बोले."

"नियम मीच लिहिला, सर. काल दुपारी."

रविवारी पनागरच्या एका लग्नघरातून फोन आला. पाहुण्यांच्या स्वागताला रोबोट हवा होता, आणि 'ती कुंकवाची सोय'ही. प्रणोतीने नकार दिला. सोमवारी शैलेंद्र यांनी तेच काम अनिमेष या दुसऱ्या इंजिनिअरला सांगितले. त्याने विचार करायला एक रात्र मागून घेतली.

मंगळवारी दुपारपर्यंत त्याचे उत्तर आलेले नव्हते.