हॉक्सबीच्या होडीच्या पोटातली भोकं

मी एक जुनी जीवरक्षक होडी आहे, मित्रांनो. लोक मला फुलझाडांची मोठी कुंडी समजून माझ्यासमोर फोटो काढतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

हॉक्सबी हे माझं गाव, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं. एकदा गावासमोरच्या खडकावर जहाज फुटलं आणि गावकऱ्यांना काठावर उभं राहून माणसं बुडताना बघावी लागली. त्या लाजेपोटी गावाने जीवरक्षक ठाणं उभारलं आणि ठाण्यासाठी मला घडवलं. मी ओकच्या लाकडाची, वल्ह्यांवर चालणारी होते. माझ्या पोटात हवेच्या बंद पेट्या होत्या, म्हणून लाटा अंगावर आल्या तरी मी तरंगत राहायचे.

आमच्या ठाण्याची रीत न्यारी होती. भिंतीवर पाण्यात माणसाला तरंगत ठेवणारी बुचाची जाकिटं टांगलेली असत. धोक्याचा बार उडाला की गावभरचे पुरुष धावत सुटत आणि ज्याच्या हाती जाकीट लागेल, तोच होडीत बसे. एकदा सायलस कोळी बुटाची नाडी बांधत बसला आणि त्याचं जाकीट गावच्या न्हाव्याने पळवलं. सायलसचाच धाकटा भाऊ जेबेझ माझ्या सुकाणूवर होता, पण तोही भावासाठी थांबला नाही. पुढे कितीतरी दिवस लोक सायलसला विचारत, "काय रे, बसली का गाठ?"

मला पाण्यात लोटायचं काम बायकांचं. सायलसची बायको मर्सी दोराच्या पुढच्या टोकाला असे. कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहून ती ओरडे, "ओढा गं बायांनो! आपलेच नवरे आहेत आत!"

"म्हणून तर जोर येत नाही!" मागून कुणीतरी म्हणे, आणि हसत हसत त्या मला लाटांवर सोडत. किती माणसं मी परत आणली! तेव्हा माझं कोण कौतुक व्हायचं! पोरंटोरं माझ्या अंगावरून हात फिरवत.

मग शेजारच्या बंदराला इंजिनाची होडी मिळाली. हॉक्सबीचं ठाणं बंद झालं आणि जेबेझला त्या नव्या होडीवर काम मिळालं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. इंजिनापुढे माझी वल्ही ती किती चालणार! जाण्याआधी त्याने माझ्या काठावर हात ठेवून मर्सीला सांगितलं, "वहिनी, मी जिवंत आहे तोवर हिला कुणी हात लावणार नाही. अडीअडचणीला आपली होडी आपल्याला हवीच."

"शब्द दिलात हं भाऊजी."

त्या शब्दावर बायका दर आठवड्याला यायच्या, दोर तपासायच्या, मला पुसून जायच्या. मीही वाट बघत सज्ज उभी होते.

एका रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गेलं असताना जेबेझ एकटाच आला. मला वाटलं, आठवण आली असेल. त्याने माझ्या हवेच्या पेट्या काढून नेल्या आणि गिरमिट घेऊन माझ्या तळाला भोकं पाडली. नगरसभेने मला समुद्रकाठच्या बागेला फुलांची कुंडी म्हणून देऊन टाकलं होतं. मुळं कुजू नयेत म्हणून पाणी जायला वाट हवी होती. काम झाल्यावर त्याने भोकांवर पायाखालच्या फळ्या होत्या तशा बसवल्या आणि खाली मान घालून निघून गेला. लाटांनी मला कितीदा आपटलं होतं, पण त्या गिरमिटाइतकं काही लागलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वादळ आलं आणि सायलसची मासेमारीची होडी बाहेर अडकली. शेजारच्या बंदराला तार गेली, पण मर्सीला धीर कुठला! बायका धावत आल्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी जाकिटं चढवली, दोर ताणले गेले, मी पाण्यात उतरले. आणि मित्रांनो, मी भरू लागले. ज्यांना वाचवायला माझा जन्म, तीच माणसं माझ्या पोटात गुडघाभर पाण्यात उभी होती. मला ओरडून सांगता आलं असतं तर! बायकांनी कसंबसं आम्हाला मागे ओढलं.

शेवटी इंजिनाची होडी सायलसला जिवंत घेऊन आली. सुकाणूवर जेबेझ होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मर्सीने नवऱ्याला घोंगडीत गुंडाळलं आणि मग ती दिराकडे वळली.

"भाऊजी, भोकं कुणी पाडली?"

"वहिनी, नगरसभेने ठरवलं..."

"नगरसभेचं सोडा. गिरमिट कुणाच्या हातात होतं?"

जेबेझ म्हणाला, "सांगायला तुमच्या दारापर्यंत आलो होतो. तुम्ही आत हसत होता. धीर झाला नाही."

"अगं, त्यानेच मला आणलं ना," सायलस कुडकुडत म्हणाला.

"आणलं, म्हणून तर नुसतं विचारते आहे," मर्सी म्हणाली. त्यानंतर ती जेबेझशी बोलली नाही.

आता मी बागेत आहे. दरवर्षी रंग मिळतो, पाणी मिळतं. मित्रांनो, जुन्या वस्तूचं किंवा जुन्या माणसाचं काम संपलं, तर संपलं म्हणून तोंडावर सांगा. आम्ही सोसू. पण तुझी गरज आहे असं सांगून पाठीमागून भोकं पाडू नका.

हिवाळ्यात फुलं जळाली की माळी माझी माती उपसून नेतो. मग मर्सी येते, आता काठी टेकत. जुन्या जाकिटातल्या बुचाचे तुकडे कापून ती माझं एकेक भोक बुजवते आणि वरून मूठ मारून बघते. वसंतात माळी कुरकुरत ते सगळे काढून टाकतो. तिला ते ठाऊक आहे. तरी वादळाचे दिवस आले की ती पुन्हा येते.