गोजाबाईनं विझवलेला तारा

वळसंगपलीकडच्या धनगरवस्तीवर दिवेलागण होऊन गेली तरी एकाही घरी चूल पेटली नव्हती. सगळी वस्ती बिरुदेवाच्या देवळापुढं गोळा झालेली, आणि झाडून सगळ्यांच्या माना वर.

"आला, आला!"

पश्चिमेकडून एक ठळक तारा वर चढला. तो लुकलुकत नव्हता, त्याचा आवाज नव्हता. नुसता सरळ चालत होता. तसा देवळापुढं बसलेला नक्षत्रबाबा डोक्यावरची घोंगडी फेकून ताडकन उठला आणि भंडारा उधळत गरजला, "हे आकाशभक्षिणी! ब्रह्मांडाच्या आज्ञेनं गुप्त हो!"

आणि काय सांगावं, ऐन माथ्यावर आलेला तारा तांबूस झाला, मंदावला आणि दिसेनासा झाला! बाबाच्या पायांवर झुंबड उडाली.

शहरातल्यांना असल्या ताऱ्याचा पत्ताही लागला नसता. जुळे सोलापुरात मान वर करतो कोण? पण या वस्तीची हयात मेंढरांमागं उघड्यावर गेलेली. तिकांड्याचे तीन तारे कुठं आले ते बघून रात्र किती उरली हे म्हातारी गोजाबाई सांगायची. आभाळ तोंडपाठ, म्हणूनच म्हातारीची पाचावर धारण बसली होती. हे आपल्यातलं न्हाय, मग हे हाय तरी कोण?

टेंभुर्णीकडून उगवलेल्या बाबानं त्याचं उत्तर तयारच ठेवलं होतं. तारा भुकेला आहे. पाच सांजा तो येणार. घरटी एक कोकरू द्या. आणि तोवर गरवार बाईनं शीव ओलांडली, तर तारा पोटातला जीव ओढून नेईल!

गोजाबाईची सून सोनम आठव्या महिन्यात होती.

चौथ्या दिवशी दुपारी सोनमचे पाय टम्म सुजले. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. शाळेच्या निवेदिताबाई घरी आल्या आणि तिच्याकडं बघून चरकल्याच.

"आजी, हिचा रक्तदाब वाढलेला दिसतोय. आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्यायला हवं."

मुलगा ज्ञानू पिकअपची किल्ली घेऊन उठला. गोजाबाई दारात आडवी झाली. "शीव वलांडायची न्हाय! माजा नातू जाईल की रं!"

"आये, ती मरंल!"

"मरू देनार न्हाय मी तिला! आजची आन उद्याची सांज, बास!" म्हातारी काही केल्या दार सोडेना.

बाई तिच्याजवळ बसल्या. "आजी, आज तारा तुम्ही विझवलात तर सोडाल हिला?"

"मी? आवो, मी कोण? मला खाईल त्यो!"

"मी तुमचा हात धरून उभी राहते. दाबला की ताऱ्याला 'जा' म्हणा."

तेवढ्यात आतून सोनम कण्हली. गोजाबाईनं डोळे गच्च मिटले. "चला," ती म्हणाली.

दिवेलागणीला ज्ञानूनं सोनमला पिकअपमध्ये निजवून गाडी देवळापाशी आणली. बाबा घोंगडीखाली 'समाधीत' बसला होता. तारा निघाला, चढला. बाबा घोंगडी टाकून उठला, अजून भंडाऱ्याची मूठ भरतोय तोच बाईंनी गोजाबाईचा हात दाबला.

"जा गं माजे आई, जा!" म्हातारी किंचाळली.

तारा विझला.

बाबा मूठ वर धरून तसाच उभा. मग सावरून म्हणाला, "माझीच शक्ती तिच्यात उतरली!"

"असं? मग परत पेटवा बघू," निवेदिताबाई म्हणाल्या.

"तारा... अं... रुष्ट झालाय!"

बाईंनी सरळ घोंगडी उचलली. खाली बाबाचा फोन चालू होता. पडद्यावर पृथ्वीचा नकाशा आणि त्यावर सरकणारा एक ठिपका.

"हा बघा तुमचा भुकेला तारा! हे अंतराळ स्थानक आहे. माणसांनीच बांधलंय. पंचवीस वर्षांवर झाली, तिथं माणसं आळीपाळीनं राहतात, प्रयोग करतात. आपल्या देशाचा एक माणूससुद्धा राहून आलाय, मूग-मेथी रुजवून आलाय. ते कधी दिसणार आणि कुठं दिसेनासं होणार, हे कुणालाही फोनवर कळतं. मलाही तिथंच कळलं."

"मग विझतंय कसं, बाई?" गर्दीतून गुरप्पानं विचारलं.

"सांजेला तुमच्या अंगणात ऊन नसतं, पण देवळाच्या कळसावर असतं की नाही? ते स्थानक तर कितीतरी उंच. आपल्याकडं अंधार पडला तरी त्याच्यावर ऊन असतं, म्हणून चमकतं. चालत चालत पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसत नाही. बाबा नसला तरी शिरतंच!"

बाबानं पायताण शोधायला सुरुवात केली, तेवढ्यात लोकांनी त्याला घेरलं. गोजाबाई मात्र ते बघायला थांबली नाही. ती गाडीत सोनमचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शीव आली. खोटं कशाला सांगा, भीती तिच्या मनातून गेली नव्हती. पण "थांब" असं काही ती म्हणाली नाही.

सोलापुरात त्याच रात्री सोनम मोकळी झाली. पोरगं मुठीएवढं, काचेच्या पेटीत ठेवलेलं, पण जिवंत. "आणखी एक दिवस थांबला असतात, तर दोघंही हाती लागली नसती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वस्तीवर परतल्यावर बायका जमल्या. गोजाबाई पदरानं डोळे पुसून बोलली.

"भ्या वाटलं तर वाटू द्या, बायांनो. पर भ्यालेलं असताना कुनी काय सांगितलं, तर आदी इचारा, हे खरं कशावरनं? शाळंत इचारा, दवाखान्यात इचारा. मी न्हाय इचारलं. माज्या नातवाला तारा न्हेनार नव्हता गं. दारात आडवी झालेली मी न्हेनार हुते."