पडद्यामागचा डावखुरा राजपुत्र

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं, मित्रांनो! खिडकीच्या पडद्याने फार तर ऊन अडवावं. मी सिनेमाचा पडदा आहे, फिरत्या तंबू टॉकीजचा. माझ्या अंगावर राजवाडे उभे राहिले, आगी लागल्या, लढाया झाल्या. आता मी हसनाबादेत मच्छिंद्रअण्णांच्या माळ्यावर घडी होऊन पडलेला असतो. एक कोपरा उंदरांनी चाखून पाहिला आहे. त्यांना चव आवडली नसावी, कारण बाकीचा मी शिल्लक आहे.

माझा जन्म तसा साधाच. जालन्याच्या एका शिंप्याने जाड मांजरपाटाचे पट्टे जोडले, भोवती काळी किनार लावली, कडेला पितळी कड्या ठोकल्या आणि झाला पडदा तयार. मला विकत घेतलं मच्छिंद्रअण्णांच्या वडिलांनी. त्यांना सगळे मालक म्हणत. बैलगाडीत यंत्र, तंबू आणि मी. आज हसनाबादचा बाजार, मग अंबड, मग वाटूरच्या फाट्याजवळचं मैदान. दोन उंच लाकडी बल्ल्यांच्या मध्ये मला ताणून बांधलं की मी नवरदेवासारखा ऐटीत उभा राहायचो.

त्या काळी सुनाबाळींनी पुरुषांच्या गर्दीत बसून सिनेमा पाहायचा म्हटलं की घरोघरी महाभारत व्हायचं. मालकांनी त्यावर तोड काढली. तंबूच्या मधोमध मला टांगलं. पुरुष माझ्या पुढे, बायका माझ्या मागे. यंत्र पुढून उजेड फेकायचं आणि माझ्या कापडातून तो पलीकडे जायचा, म्हणून चित्र मागूनही दिसायचं. ते आणखी स्वच्छ दिसावं म्हणून खेळाआधी माझ्यावर पाण्याचे हबके मारत. थंडीत मी नुसता कुडकुडायचो, पण सांगणार कोणाला?

मागून पाहताना एकच फरक पडायचा. आरशात दिसावं तसं सगळं उलटं दिसायचं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पाट्यांवरची अक्षरंही उलटी. पण बायकांनी कधी कुरकूर केली नाही. बहुतेकींना सुलटी अक्षरंसुद्धा वाचता येत नव्हती, मग उलट्या अक्षरांचं त्यांना काय सोयरसुतक? त्यांच्या लेखी तोच सिनेमा होता.

माझ्या अंगावर सगळ्यात जास्त चालला तो शंखातल्या राजकन्येचा खेळ. एक राक्षस राजकन्येचा आवाज चोरतो, शंखात कोंडतो आणि तो शंख समुद्राच्या तळाशी लपवतो. राजपुत्र उडत्या घोड्यावरून तिथे जातो, राक्षसाशी लढतो आणि तलवारीच्या एका घावात शंख फोडतो. घोडा लाकडाचा होता आणि त्याची दोरी चक्क दिसायची. शंख कागदाच्या लगद्याचा. पण शंख फुटून राजकन्या पहिला शब्द बोलली की अख्खा तंबू रडायचा. हसनाबादला नव्या नवरी म्हणून आलेल्या झुंबरबाईंनी तो खेळ माझ्या मागे बसून पाहिला.

पुढे घरोघरी टीव्ही आले. तंबू विकला गेला, यंत्र भंगारात गेलं. मालक वारले. मच्छिंद्रअण्णांनी मला मात्र विकलं नाही. माळ्यावर टाकलं, आणि तिथे मी विसरलो गेलो. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

माळ्यावर एकच विरंगुळा होता. शेजारचा ओटा झुंबरबाईंचा. तिथे बसून त्या नातीला गोष्टी सांगायच्या आणि मी फुकटात ऐकायचो. नातीचं नाव राजनंदिनी, सगळे तिला नंदू म्हणतात. नंदू डावखुरी आहे. लिहिते डाव्या हाताने, जेवते डाव्या हाताने, दगड मारून लिंबोळ्या पाडते तेही डाव्याच हाताने, आणि नेम चुकत नाही. तिचे वडील अंगद मनाने वाईट नाहीत, पण या एका गोष्टीवरून पोरीला सळो की पळो करून सोडायचे.

"नंदे, उजवा हात! देवाचा प्रसाद कोणी डाव्या हातानं घेतं का? उद्या लोकं नावं ठेवतील."

मग झुंबरबाई ओट्यावरून आवाज द्यायच्या, "का रं छळून राह्यला लेकराला? त्यो शंखवाला राजपुत्र बी डावखुराच व्हता. म्या सोता बघितलाय. डाव्या हातानं तलवार हाणली, अन् शंखाचे तुकडे केले!"

नंदू त्या राजपुत्राच्या जिवावर जगत होती म्हणा ना. शाळेत कोणी चिडवलं की ती छाती काढून सांगायची, राजपुत्र माझ्यासारखा आहे. ते ऐकून माळ्यावर माझे धागे आखडायचे. कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. राजपुत्र उजवाच होता. डावा दिसला तो माझ्या पाठीवर.

आणि मग त्या गोष्टीवर नवा सिनेमा निघाला! कुण्या बड्या डायरेक्टरने कोट्यवधींचा खर्च करून तो नव्याने काढला. गावातली पोरं जालन्याला जाऊन पाहून आली, ती डोळे विस्फारूनच. कोणी म्हणे समुद्र अंगावर येतो. कोणी म्हणे घोड्याला माशासारखे पर आहेत आणि तो खरोखर पोहतो. भारत नावाचा एक जण तर तीनदा जाऊन आला, आणि तिन्ही वेळा आपण खुर्चीला घट्ट धरून बसलो होतो असं शपथेवर सांगत होता. म्हातारी मंडळी मात्र कुरकुरली. "आमच्या जमान्यातला राक्षस भारी. ह्यो निसता कम्पूटरचा." न पाहताच हं! पण मत असायला पाहायला कशाला हवं?

अंगदही पाहून आले आणि त्यांनी ओट्यावर बाँब टाकला. "आई, म्या बघून आलो. राजपुत्र उजव्या हातानंच लढतो."

"मंग त्या डायरेक्टरनं बदललं आसंल," झुंबरबाई उसळल्या. "येवढा पैसा ओतला, अन् हात चुकवला मेल्यानं!"

झालं! गावात दोन तट पडले. पारावरचे म्हातारे म्हणत, जुन्यातही उजवाच होता. गिरिजाबाई, उषाबाई आणि त्यांच्या वयाच्या सगळ्या जणी म्हणत, डावा, डावा आणि डावा. "ह्या बाप्या माणसांना कायच ध्यानात ऱ्हात न्हाई," असा निकाल गिरिजाबाईंनी देऊन टाकला. एवढे दिवस वाद चालला, पण कोण कुठे बसून पाहत होतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मच्छिंद्रअण्णांच्याही नाही. ते तेव्हा यंत्रापाशी बसत आणि त्यांचं सगळं लक्ष रिळात असे.

गावच्या जत्रेत मंडळाने रीतसर परवानगी काढून तोच नवा सिनेमा मैदानात दाखवायचं ठरवलं. तेव्हा नंदूने वडिलांशी पैज लावली.

"पप्पा, मी माझ्या डोळ्यांनी बघीन. राजपुत्र उजवा निघाला तर मी समदं उजव्या हातानं करीन, परत तोंड बी उघडणार न्हाई. डावा निघाला तर तुम्ही मला कधीच टोकायचं न्हाई."

"कबूल. बिलकुल कबूल," अंगद म्हणाले. त्यांना काय, त्यांनी पाहिलेलाच होता! मला असा राग आला म्हणून सांगू. पण पडद्याला तोंड असून नसल्यासारखं.

अंबडहून नवं यंत्र आलं, पण त्याच्याबरोबरचा पडदा गावाला पुरेना. मच्छिंद्रअण्णा म्हणाले, "माझा हाय की!" आणि मित्रांनो, मी माळ्यावरून उतरलो. अण्णांनी मला झटकलं, उन्हात घातलं, बल्ल्यांना ताणून बांधलं आणि जुन्या सवयीने माझ्यावर पाण्याचे हबके मारले. त्या थंड पाण्याने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

दिवेलागणीला मैदान भरलं. नंदू सगळ्यात पुढे जाऊन बसली. झुंबरबाई, गिरिजाबाई आणि उषाबाई मात्र आपापली सतरंजी घेऊन सरळ माझ्या मागे गेल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हा पडदा म्हटलं की आपली जागा मागे, एवढंच त्यांच्या अंगात भिनलं होतं.

आणि खेळ सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! मी उभ्या आयुष्यात असं काही अंगावर घेतलं नव्हतं. निळा, हिरवा, काळा समुद्र माझ्या या काठापासून त्या काठापर्यंत उसळला. पुढच्या पोरांनी तोंडावर हात घेतले, एका आजोबांनी तर धोतर सावरून पाय वर घेतले. मोत्यांचा राजवाडा उजळला तेव्हा मैदानातल्या सगळ्या माना वर झाल्या. तो पोहणारा घोडा वळून पाहू लागला तशी मागे उषाबाईंनी हात जोडले. पारावरचा सगळ्यात खवट म्हातारा पुटपुटला, "कम्पूटरचा आसंल, पण बाप हाय बाप!" मी तर श्वास धरून उभा होतो. मांजरपाटाचं माझं अंग, आणि त्यावर एवढं मोठं आश्चर्य!

मग राक्षस आला. राजपुत्राने तलवार उपसली. उजव्या हाताने.

पोरांनी एकच गिल्ला केला. "नंदे, उजवा! उजवा!" नंदू उठली, गर्दीतून वाट काढत माझ्या मागे गेली आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडू लागली.

"आगं, रडतीस काय येडे?" झुंबरबाई म्हणाल्या. "बघ तरी वर. डावाच हाय की!"

नंदूने मान वर केली. राजपुत्र डाव्या हाताने लढत होता. ती ताडकन उठली, धावत पुढे गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे. मग तिला कळलं. "पप्पा!" ती ओरडली, "इकडून डावा हाय! इकडून या!"

अर्धं मैदान माझ्या मागे धावलं. कोणाचा तरी पाय दोरीत अडकला आणि माझा खालचा कोपरा टरकन फाटला. दुखलं हो, पण तेव्हा कोणाला सांगता! अंगद मागे येऊन उभे राहिले. मघाचाच राक्षस, मघाचीच तलवार. राजपुत्राने डावा हात उगारला, घाव घातला, शंखाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि राजकन्या पहिला शब्द बोलली. माणसं रडली. साठ वर्षांपूर्वी रडली तशीच.

दिवे लागले. अंगद हळूच म्हणाले, "आई, ही उलटी बाजू हाय. तुमाला बायांना मागं बसवायचे, म्हून तुमाला डावा दिसला."

झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजी आमी समद्या जल्मभर उलटंच धरून बसलो व्हय?"

मच्छिंद्रअण्णांची मान खाली गेली. "बाई, माझ्या बापानं बसवलं तुमाला मागं."

झुंबरबाईंनी माझी किनार चाचपून पाहिली. मग नंदूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं केलं बसवलं. पुढं बसले आसते, तर ह्या लेकराला कुणाचा दाखला दिला आसता?"

तेवढ्यात जत्रेतल्या रेवड्यांचा प्रसाद वाटत माणसं आली. नंदूने डावा हात पाठीमागे लपवला आणि उजवा पुढे केला. "मी हरले, पप्पा," ती म्हणाली. "सुलट्या बाजूनं उजवाच हाय. मी खोटं बोलणार न्हाई."

अंगद तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "मागून बघितलास, तव्हा शंख फुटला का न्हाई?"

"फुटला."

"राजकन्या बोलली का न्हाई?"

"बोलली."

"मंग झालं तर. चुकलं माझं." त्यांनी तिच्या पाठीमागचा डावा हात पुढे ओढला आणि त्यावर रेवड्या ठेवल्या. नंदूने त्या खाल्ल्या नाहीत, मूठ घट्ट मिटून बापाच्या गळ्यात पडली.

मित्रांनो, मी एवढे सिनेमे अंगावर घेतले, पण असा शेवट माझ्यावर कधी झाला नव्हता. तुम्हाला हात जोडून एकच सांगतो. जुन्या वस्तू माळ्यावर फेकू नका, आणि कोणाचा हात धरून त्याला आपल्यासारखं करू नका. शिंप्याला विचारा, मांजरपाटाला दोन्हीकडून वीण सारखीच असते. सुलटं कोणतं, उलटं कोणतं, हे माझं मलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रअण्णा माझा फाटका कोपरा शिवायला बसले, तर सुईत दोरा जाईना. नंदूने सुई हातातून घेतली आणि ठिगळ लावलं. माझ्या अंगावरचे बाकीचे सगळे टाके उजवीकडून डावीकडे जातात. तिचे डावीकडून उजवीकडे गेले आहेत, आणि सगळ्यांत पक्के तेच आहेत.