सीताबाईचे गाल

डॉक्टरीणबाईंनी ‘स्टिरॉइड’ म्हटलं आणि हितेशने आधी आपल्या आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या बायकोने, नम्रतानेही पाहिलं. सीताबाईने पदर ओढून गाल झाकले, पण ते गाल पदरात मावणारे नव्हतेच.

धरमतरच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावात हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता आणि त्याचा अर्थ एकच, सीताबाई. दम्यावर म्हणून तिने एका पुडीवाल्याकडून वर्षानुवर्षं गोळ्या आणून खाल्ल्या; त्यांत हेच स्टिरॉइड होतं. दमा हटला, पण तोंड टम्म फुगलं, हाडं ठिसूळ झाली आणि मिठागराच्या बांधावर जरा पाय घसरला तर मनगट मोडलं. तेव्हापासून एखादा पोरगा जिमला जायला लागला की गाव बजावायचं, “बघ हां, सीताबाई होशील!” जिवंत माणसाची अशी म्हण होणं काही बरं नाही. पण गाव कुणाला विचारून म्हणी करतं थोडंच!

आता प्रश्न किमयाचा होता. चार वर्षांची ही नात आईबरोबर रोह्याला मामाच्या हळदीला गेली आणि तिथेच न्युमोनियाने आडवी झाली. पेणच्या दवाखान्यात आणेपर्यंत ओठ निळे पडले होते. घशातून नळी घालून तिला मशीनवर ठेवलं. फुफ्फुसं सुधारली तशी काल नळी काढली, तर पोर श्वास ओढताना घशातून शीळ घातल्यासारखी कुकारायला लागली, बरगड्या आत जायला लागल्या. नळीने घसा आतून सुजला होता. शेवटी नळी परत घालावी लागली. ते कुकारणं सीताबाईने दाराबाहेरून ऐकलं होतं. श्वासासाठी तडफडणं काय असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“उद्या परत काढू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आजपासूनच शिरेतून स्टिरॉइड देऊ, म्हणजे सूज आधीच उतरायला लागेल. थोडेच डोस, नंतर बंद. अगदी हमी देत नाही, पण नळी परत घालायची पाळी सहसा येत नाही.”

“नको,” हितेश म्हणाला. “दुसरं काय असंल तं द्या. नायतर थांबू आपण.”

“थांबलो तर नळी तेवढी जास्त राहणार. घसा आणखी दुखावेल.”

“अहो, त्या सांगतायत तर…” नम्रता बोलू लागली.

“तू गप गो! आईचं काय झालं तं मी बघितलंय. माझ्या पोरीचं तसं नाय होऊ देणार.”

सीताबाईला लागलं ते. पोटच्या पोराने आपल्या तोंडाचा बागुलबुवा करावा, आणि तोही आपल्या देखत! दुसरी कुठली वेळ असती तर तिने त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. आज तिने फक्त पदर सोडला आणि गाल उघडे टाकून डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

“बाय, बघ माझ्याकडं नीट. पोरीचं असं होईल?”

“नाही आजी. तुम्ही वर्षानुवर्षं घेतलंत. हिला दोनच दिवस, आणि वजनाप्रमाणे मोजून.”

“ऐकलंस?” सीताबाई लेकाकडे वळली. “मी त्या गोळ्या चण्यासारख्या खाल्ल्या. एकाच्या दोन केल्या. कुणाला इचारलं नाय. कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून कुणी जल्मभर अळणी जेवतं का रं? तोंड फुगलं माझं, व्हय. पण माझा जीव जायला आलता, तो बघितलास का तू? त्याच औषधानं राखला. दे म्हण.”

हितेश डॉक्टरीणबाईंकडे वळला. मग हळूच म्हणाला, “द्या.”

दुसऱ्या दिवशी नळी काढायच्या वेळी आईबापाला आत घेतलं. पोर रडली तर घसा आणखी आवळतो, म्हणून तिला आईची कूस हवी होती. सीताबाई बंद दाराला कान लावून बाहेर राहिली. काल तोंड भरून बोलली होती खरी. पण काही वाईट झालं तर हितेश या तोंडाकडे जन्मात पाहणार नव्हता, आणि तीही आरशात पाहणार नव्हती.

आधी खोकला ऐकू आला. मग तेच कुकारणं. परवाच्यापेक्षा बारीक, पण तेच.

“औषधाचा मास्क लावा,” आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. नम्रता अंगाई गुणगुणत होती. कुकारणं चालू राहिलं. मग विरळ झालं. मग थांबलं.

सीताबाईने कान दाराला आणखी घट्ट लावला. श्वासाचा आवाज दोन कारणांनी थांबतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

दार उघडलं आणि हितेश बाहेर आला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सीताबाई भिंतीला पाठ घासत खाली बसली.

“माझी बाय गो…” एवढंच ती म्हणाली.

“आई, आई!” हितेशने तिचे खांदे धरले. “झोपली ती! नळी नाय, मशीन नाय. आपली आपण श्वास घेते. ‘पाणी’ म्हणाली, घोगऱ्या आवाजात!”

सीताबाईने आधी त्याच्या पाठीत एक दणका घातला. “मेल्या, मग असं तोंड घेऊन येतात व्हय? जीव घेतलास माझा!” आणि मग तिचाच बांध फुटला. चार दिवसांचं सगळं तुंबलेलं रडणं तिने असं मोकळं सोडलं की खालच्या मजल्यावरचा वॉचमन काठी घेऊन धावत वर आला.

“आजी, काय झालं? काय झालं?”

“काय नाय झालं रं बाबा!” सीताबाई हुंदक्यातून ओरडली. “काय नाय झालं म्हणून तं रडतेय!”