ओली मासळी

अंबाजीनं जिवंत कोलंबी गरीला लावली, दोरी डोक्यावरून एकदा गरकन फिरवली आणि सोडून दिली. शिशाचा गोळा डुबकन बुडाला. आगरदांड्याच्या धक्क्यावर गरवत बसलेल्या माणसांनी माना वळवून पाहिलं, आणि पाहिलं हे कळू नये म्हणून लगेच पुन्हा आपापल्या दोरीकडं वळवल्या.

बाबाजी तेवढा उठून जवळ आला. दोघं एका वयाचे. लाँचीचे दोर झेलण्यात दोघांची उमर याच धक्क्यावर गेली होती. आता संस्थान जाऊन सरकारी कारभार आला होता, दोर झेलायला तरणी पोरं होती, आणि बाबाजी नुसता गळ टाकून बसायचा.

"अंबाजी, तू?"

"पाहुणा आलाय घरी."

"कोण?"

"गोदूचा भाऊ."

बाबाजीनं मान हलवली. अंबाजीच्या सुनेचा भाऊ कशासाठी आला असेल हे त्यानं विचारलं नाही. पाण्याकडं बघत म्हणाला,

"आज काय खरं न्हाय. वारा पार पडलाय. पाणी कसं काचेवानी, तळचा दगडबी दिसतोय. मासा काय येडा हाय? सकाळपास्नं निसत्या शिंगाळ्या लागतायत. भरतीचं पाणी जरा गढूळ होऊन आत शिरलं, तर मग बघ."

"बसतो," अंबाजी म्हणाला.

चैत्राचं ऊन सकाळीच चढलं होतं. पलीकडं दिघीचा डोंगर धुरकट, झोपल्यासारखा. खाडीच्या तोंडाशी एक शीड दिसत होतं, पण ते हलत नव्हतं.

गेल्या आश्विनात याच खाडीतून अंबाजीचा मुलगा रघू मचव्यावर निघाला होता. नारळ-सुपारी भरून मचवा मुंबईला चालला होता. दुपारून अचानक वारा फिरला, आणि दुसऱ्या दिवशी नारळ तेवढे तरंगत किनाऱ्याला आले. मागाहून माणसंही आली, फुगून, माशांनी टोचलेली. तांडेल आला, दोन खलाशी आले. रघू आला नाही.

त्या वेळी दिवाळीपर्यंत गावात कुणी मासळी खाल्ली नव्हती. खाववतच नव्हती. मग दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एकेका चुलीवरून कालवणाचा वास येऊ लागला. पोट कुणाला चुकलंय? अंबाजीच्या घरात मात्र मासळी आली नाही ती नाहीच. त्यानं गरीची दोरी गुंडाळून आढ्याला खोचून टाकली. सून गोदू भात आणि कुळथाची पिठी करायची, आणि दोघं दोन कोपऱ्यांत बसून जेवायची. सासू आधीच गेली होती. घरात तिसरं माणूस नव्हतं.

प्रेत सापडलं नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळतात, दिवस घालतात, म्हणजे गेलेला सुटतो आणि मागचीही सुटतात. गावानं अंबाजीला हे दोनदा सांगून पाहिलं होतं. तो "बघू" म्हणायचा आणि उठून जायचा. त्यामुळं गोदूच्या गळ्यात काळे मणी तसेच होते, कपाळाला कुंकू होतं. कुंकू लावताना ती आरशात बघत नसे.

दिवसा ती नीराबाई कोळणीच्या अंगणात मासळी चिरायला जायची. खारवायची मासळी, तिची पोटं काढायची. घरात जे शिजत नाही ते बाहेर जाऊन चिरायचं, हे अंबाजीला आधी विचित्र वाटलं होतं. मग त्यानं मनाची समजूत घातली. तरणी पोर, दिवसभर भिंतींकडं बघून काय करील? हाताला काम बरं.

आणि काल संध्याकाळी दिघीहून होडीनं गोदूचा भाऊ कोंडाजी आला. जेवताना पिठीला बोट लावत त्यानं पावसापाण्याच्या, भातशेतीच्या गोष्टी केल्या. आज सकाळी ओटीवर बसून म्हणाला, "मामा, तुमचा शब्द हवा." अंबाजी उठला, आढ्याची दोरी काढली आणि धक्क्यावर निघून आला. पाहुण्याला मासळी घालायची, एवढंच तो बोलला होता.

पहिल्यांदा शिंगाळीच लागली. काटा चुकवून त्यानं ती सोडवली आणि पाण्यात टाकून दिली. दुसऱ्यांदा आमिष कुरतडून गेलं. पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढू लागलं तेव्हा मागून वहाणा वाजल्या. कोंडाजी येऊन शेजारी बसला. शेतकरी माणूस, पाण्याकडं तोंड करून बसायची सवय नाही. तो अंग चोरून, जरा तिरका बसला होता.

"मामा, राग आला काय?"

"न्हाय."

"हिरामण चांगला माणूस हाय. बायको बाळंतपणात गेली, पोरबी ऱ्हायलं न्हाय. भाताची जमीन हाय, बैल हायत. म्हसळ्याच्या पल्याड, डोंगरात गाव. पाट लावून न्यायला तयार हाय. गोदू अजून तरणी हाय, मामा."

"ती काय म्हणते?"

"ती म्हंती, मामांना विचारा."

अंबाजीनं दोरी जरा ओढून पाहिली. ताण नव्हता.

"मी पुतळा जाळला," तो म्हणाला, "आणि उद्या तो आला, तर?"

कोंडाजीनं खाली पाण्याकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला,

"आला तर, मामा, मी सोता तिला आणून सोडीन तुमच्या दारात."

अंबाजीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. त्याला हाकलून देता आलं असतं.

तेवढ्यात दोरी गेली.

नुसती हिसकली नाही. बोटांना चटका देत सरळ खोल निघाली. अंबाजी उठून उभा राहिला. त्यानं दोरी दिली, थोडी रोखली, पुन्हा दिली. धक्क्यापासून लांब पाणी फुटलं, एक पांढरं अंग वर आलं आणि आडवं आपटून खाली गेलं.

"जिताडा!" बाबाजी ओरडला. "खडकाकडं जाऊ देऊ नको त्याला!"

मासा खडकाकडंच चालला होता. अंबाजी धक्क्यावरून त्याच्याबरोबर चालत राहिला, वय विसरून, दात आवळून. इतक्या महिन्यांत त्याच्या अंगात असा जीव आला नव्हता, आणि तो आला याचीच त्याला लाज वाटली. शेवटी मासा थकला, पायरीला लागला. बाबाजीनं आकडी घालून वर घेतला. चांगला हातभर लांब, रुपेरी, जाड ओठांचा. दगडावर शेपूट आपटत राहिला.

"नशीब काढलंत मामा!" कोंडाजी हसला. कालपासून पहिल्यांदाच.

"कोयता दे," अंबाजी बाबाजीला म्हणाला.

"आता? घरी न्हे की. गोदू साफ करील."

"दे."

जिताड्यासारखा मासा धक्क्यावर कुणी फाडत नाही. तो अख्खा मिरवत घरी न्यायचा असतो. पण बाबाजीनं अंबाजीच्या तोंडाकडं पाहिलं आणि कोयता दिला. मग तो सरकला आणि कोंडाजी आणि अंबाजी यांच्या मधोमध, अंबाजीकडं पाठ करून उभा राहिला. "पाव्हणं," तो म्हणाला, "ते शीड बघितलंत काय? तिकडं, खाडीच्या तोंडाला..."

अंबाजीनं पोट फाडलं. कोथळा बाहेर ओढला, उभा चिरला आणि आत बोटं घातली. मऊ, चिकट लगदा, त्यात बोयट माशाचं एक पिल्लू. तो चिमटीनं चाचपत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका ठिकाणी बोटाला कठीण काही लागलं आणि त्याचा हात थांबला. रघूच्या दंडावर चांदीचा ताईत असायचा. त्यानं डोळे मिटले, ते कठीण बाहेर काढलं, मग डोळे उघडले.

कोलंबीच्या डोक्याचा काटा होता.

त्यानं सगळं पाण्यात लोटलं. पायरीवर बसून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. बाबाजी अजून पाहुण्याला शीड दाखवत होता.

घरी गोदू दारातच उभी होती. तिनं मासा हातात घेतला आणि तिची नजर फाडलेल्या पोटावर गेली. कोंडाजी पाय धुवायला विहिरीकडं गेला तोवर ती तशीच उभी राहिली.

"पोट तिकडंच काढलंत, मामा?"

"व्हय."

"काय व्हतं?"

अंबाजीनं खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. पुसून झालं तरी तो पुसत राहिला.

"कोलंबी."

"आनी?"

"बोयटाचं पिल्लू एक. बाकी काय न्हाय."

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

तिनं मान हलवली. नवीन काही ऐकल्याची ती मान नव्हती. कामावरच्या माणसानं कामावरच्या माणसाला हलवावी तशी होती. आणि अंबाजीला एकदम नीराबाईचं अंगण दिसलं. मासळीचे ढीग, आणि गोदू उकिडवी बसून एकेक पोट फाडतेय. थंडीभर, शिमग्यात, काल, परवा. हाताला काम म्हणून नव्हे.

"गोदू," तो म्हणाला.

"वाटण वाटते," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी पानं वाढली. तांबडं कालवण, वर कोकमाची आंबटी, तांदळाच्या भाकऱ्या. घरात तो वास इतक्या दिवसांनी भरला होता की अंबाजीला क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या घरी जेवायला बसल्यासारखं झालं. कोंडाजी भुकेला होता. पण अंबाजीनं घास घेतल्याशिवाय तो ताटाला हात लावीना.

अंबाजीनं भाकरी मोडली. कालवणात बुडवली. तोंडाशी नेली नाही.

"तुमच्या त्या हिरामणाच्या घरी," त्यानं विचारलं, "मासळी खातात?"

आत पळी भांड्यावर वाजायची थांबली.

"खातात की," कोंडाजी घाईनं म्हणाला. मग खरं सांगावं असं ठरवून, जरा ओशाळून म्हणाला, "सुकी. बाजाराच्या दिवशी आणली तर. सोडे, बोंबील, असलं."

"ओली न्हाय?"

"एवढ्या आत ओली कुठली मिळायची, मामा? डोंगर हाय तिकडं. मी गोदूला तसं बोललोय आधीच, म्हटलं तुला मासळी मिळायची न्हाय." तो थांबला. गोदूच्या सासऱ्याला हे आवडलं नसेल, अशी भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. "पर कधीमधी म्हसळ्याहून आणील तो. मी सांगीन त्याला. रोज न्हाय, पर आणील."

"नको," अंबाजी म्हणाला. "नको सांगूस."

कोंडाजीला काही कळलं नाही. तो आतल्या दाराकडं बघू लागला, पण गोदू पाठमोरी होती.

"सुकी बरी," अंबाजी म्हणाला, आणि त्यानं घास तोंडात घातला.