रांजणातला खोकला

दुपारच्या सामसुमीत पाळण्याचं घुंगरू किणकिणलं. मी न्हाणीतून ओल्या हातांनीच धावले. बाळ गाढ झोपेत, पाळणा जागच्या जागी.

"वाजलंच नाही, आई!" शेजारी खेळत बसलेली माझी चार वर्षांची छकुली हसली. "तुले रोजच ऐकू येते."

मला मंडपात गेलेल्या सासूबाई आठवल्या. मग बाळाला कडेवर घेतलं, छकुलीचं बोट धरलं आणि मारुतीच्या मंडपाकडे निघाले.

अर्धं दुसरबीड गाव तिथं घटनाद महाराजांच्या रिकाम्या रांजणाला कान लावायला जमलं होतं. त्यातून म्हणे मेलेलं माणूस बोलतं. महाराज आधी मायेनं विचारायचे, "मालक कसा खोकायचा, माय?" मग म्हणायचे, "लाव कान. तोच खोकला. ज्याच्या पोटात पाप, त्यालेच ऐकू येत नाही." एवढं कळल्यावर बहिरं कोण राहील? ठार बहिरे उत्तमरावसुद्धा बापाचा आवाज ऐकून डोळे पुसत गेले होते.

माझ्या सासूबाईंना, आशाबाईंना, सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. त्याचा अर्थ मात्र महाराजांनाच कळला: "मालक म्हणते, डोळ्याले सुरी लावू देऊ नको." येत्या शुक्रवारी जालन्याला सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. दुसरा डोळा आधीच गेलेला.

"आत्याबाई, घरी चला," मी सासूबाईंना म्हटलं.

"त्यायनं नाही म्हटलं. मंग मी ऑपरेशनले काऊन जाऊ?"

मी महाराजांना हात जोडले. "माह्या पोरीच्या पैंजणातही देवाचा नाद हाय, महाराज. ती मंडपाच्या पडद्याआड हळूच पाय वाजवीन. ज्याले ऐकू येईन, त्यानं हात वर करा."

छकुली पडद्याआड गेली. मंडपानं श्वास रोखला. एक हात वर आला, मग चार, मग सगळा मंडप. महाराजांनी तर दोन्ही हात उचलले. "वा! साक्षात लक्ष्मीची पावलं!"

मी मूठ उघडली. वाटेतच काढून घेतलेले पैंजण माझ्याच हातात होते.

"हा... हा सूक्ष्म नाद व्हता," महाराज चाचरले.

"सूक्ष्म काय बे? पैंजण इथं, अन् नाद तिथं?" गर्दीतली शालूबाई खेकसली. मंडपात हशा पिकला. निघायच्या घाईत महाराजांना बोलेरो गाडीची किल्ली सापडेना.

"आत्याबाई," मी म्हटलं, "रिकाम्या रांजणात बाहेरचाच गलबला घुमते. आपण ज्याची वाट पाह्यतो, तेच मन त्यातून उचलते. मले न्हाणीत पाळण्याचं घुंगरू वाजल्यासारखं ऐकू येते, येऊन पाह्यते तं बाळ झोपलेलं. कानावर रागवू नका. पण आवाज आला, की उठून एकदा पाहून घ्यावं. त्याच्यासाठी तरी डोळा पाहिजे ना?"

 सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "शुक्रवारी जालन्याची गाडी कवा हाय?"

घरी येताना त्यांनी माझा खांदा धरला होता. छकुलीनं वर बघितलं.

"आई, आता आजीले आजोबा कुठं ऐकू येतीन?"