सेटिंग करणाऱ्यानं गायचं नसतं

घरात गाण्याचं यंत्र आलं की माणसांचे लगेच दोन गट पडतात. एक गाणाऱ्यांचा आणि दुसरा वायरी जोडणाऱ्यांचा. गाणाऱ्याला सगळे आग्रह करतात, वायरी जोडणाऱ्याला फक्त "झालं का?" एवढंच विचारतात. हे थोर ज्ञान चष्मेवाल्याला त्या रविवारी दुपारी झालं. मेव्हण्यानं भलंमोठं खोकं दिवाणखान्यात आणून आदळलं आणि म्हणाला, "कराओके! आता रोज मैफल. पहिलं गाणं भाऊजींचं!"

चष्मेवाल्यानं झटकन खोकं स्वतःकडे ओढलं. तो म्हणाला, "आधी जोडू तर दे. सेटिंग मी करतो, तू हात लावू नकोस." आणि शर्टाच्या बाह्या दुमडून तो त्या खोक्यात जवळजवळ शिरलाच.

आता त्याचं दुखणं सांगायला हवं. चष्मेवाला हा तसा गुणी माणूस. बाजारात चष्म्यांचं स्वतःचं दुकान, जिभेवर साखर, बायकोवर जीव. पण गळा असा की अंघोळ करताना गुणगुणला तर शेजारी नळ दुरुस्त करायला सांगायचे. आणि नेमकं सासर मिळालं ते गाण्याच्या मास्तरांचं! लग्नाआधी तो पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला, तेव्हा सासूबाईंनी बिस्किटांची बशी पुढे करत विचारलं, "तुम्हाला काही चालत नाही, असं नाही ना?" हा म्हणाला, "छे छे, मी सगळं खातो." मास्तर खुर्चीतून उठलेच. "सगळं गाता? वा! रोज?" याला वाटलं, सासरेबुवा थट्टा करताहेत. थट्टेला थट्टा म्हणून हा म्हणाला, "दोन्ही वेळा." मास्तरांनी तिथल्या तिथे त्याला मिठी मारली. थट्टा नव्हती हे कळलं तेव्हा साखरपुडा झाला होता, आणि ज्या गोष्टीमुळे मिठी मिळाली ती गोष्ट खोटी आहे असं सांगायला लागणारी छाती त्याच्याकडे नव्हती. तेव्हापासून वर्षभर कधी घसा बसलाय, कधी डॉक्टरांनी मनाई केलीय, असं करत त्यानं दिवस काढले. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "तुझं तूच निस्तर."

आणि आज सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच दोन दिवस राहायला आले होते. घसा तर सकाळपासून खणखणीत होता, कारण सकाळीच त्यानं मेव्हण्याला जिन्यातून हाक मारली होती.

तेव्हा सेटिंग. चष्मेवाल्यानं एकेक वायर अशी उलगडली की जणू तिच्या आत काही लिहिलेलं आहे. स्पीकर आधी खिडकीपाशी ठेवला, मग कपाटापाशी, मग पुन्हा खिडकीपाशी.

"मिक्सर कुठाय?" त्यानं विचारलं.

"ओट्यावर," सासूबाई म्हणाल्या. "का हो, काही वाटायचंय?"

"तो नाही, आई. हा, बटणांचा."

"एवढी बटणं! आणि भांडं?"

मिक्सरच्या भांड्यावर बराच वेळ गेला, त्याबद्दल त्यानं मनोमन सासूबाईंचे आभार मानले. मग त्यानं माइक मुद्दाम स्पीकरसमोर धरला. अशी काही कर्कश शिट्टी निघाली की मेव्हण्यानं कानात बोटं घातली आणि बायको आतून ओरडली, "अरे, कुणाला मारतोयस?" मास्तर मात्र खुर्चीत शांत बसून पेपर वाचत होते. चष्मेवाल्याला वाटलं, काय हा संयम! नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात. इथं गाता येईना म्हणून तो अंगणच तासभर वाकडं करत बसला होता.

पण मेव्हणा आजकालचा. त्यानं मागून वाकून दोन वायरींची अदलाबदल केली, टीव्हीवर गाण्याचे शब्द उमटले आणि स्पीकरमधून वाद्यं सुरू झाली. "झालं की! ताई, ये, तू सुरुवात कर."

बायको ओले हात पुसत आली आणि तिनं एक जुनं, संथ गाणं धरलं. ती गायला लागली की चष्मेवाला दुकान, गिऱ्हाईक, स्वतःचा खोटेपणा, सगळं विसरायचा. गाणं संपलं. ती वडिलांकडे बघत राहिली.

"वा!" मास्तर म्हणाले. "वा वा."

"अंतऱ्यात जरा घाई झाली ना, बाबा?"

"वा," मास्तर पुन्हा म्हणाले आणि हसले.

तिचा चेहरा उतरला. माइक सोफ्यावर टाकून ती स्वयंपाकघरात निघून गेली. चष्मेवाला चहाच्या कपांचं निमित्त करून मागोमाग गेला.

"काय झालं? वा म्हणाले की."

"तेच तर. लहानपणी माझी एक ओळ त्यांनी सरळ जाऊ दिली नाही. रडेपर्यंत तीच ओळ घोटून घ्यायचे. आता काहीही गायलं तरी वा. तू बेसूर गायलास तरी वा म्हणतील." तिचे डोळे भरले. "लग्न झालं, परकी झाले. पाहुणीला कोण चुका सांगतं?"

 चष्मेवाल्याला तिचं फार वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याच वेळी मनात एक चोरटा विचारही येऊन गेला की, काहीही गायलं तरी वा म्हणत असतील तर आपली सुटका आहे. माणूस असाच असतो. तो बाहेर आला तर सासूबाई चहाचं बघायला आत निघाल्या होत्या आणि मास्तर त्याचीच वाट बघत होते.

"जावईबापू, या. वर्ष झालं, तुमचं गाणं ऐकायचं राहिलंय."

त्याची पाचावर धारण बसली. वा म्हणणारे सासरे एकवेळ परवडले, पण मेव्हणा मोबाइल सरसावून बसला होता. हे गाणं घरोघर पोचलं असतं. चष्मेवाल्यानं पाठमोरं होऊन माइकमधले सेल काढून खिशात टाकले आणि मेव्हण्याला म्हणाला, "सेल गेलेले दिसतात. पळ, खालून घेऊन ये." मेव्हणा गेला. दुसरा माइक होता, म्हणून त्यानं पायानंच स्पीकरची वायर मिक्सरमधून ओढली. तोवर सुरू झालेली पुढच्या गाण्याची वाद्यं एकदम थांबली. घर चिडीचूप झालं. टीव्हीवर मात्र शब्द रंगत पुढे सरकत होते. आता दुसरा माइक हातात घेऊन खांदे उडवायचे आणि बिघाड जाहीर करायचा, एवढंच उरलं होतं.

"अरेच्चा," तो माइकमध्ये म्हणाला, "आवाजच गेला वाटतं."

मास्तरांनी डोळे मिटले. मान डोलावली. "वा!"

चष्मेवाला थबकला. "बाबा, स्पीकर बंद पडलाय."

"सुरेख!" मास्तर म्हणाले, आणि मांडीवर ताल धरला.

चष्मेवाल्याचा धंद्याचा डोळा जागा झाला. त्याच्या दुकानात नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येणारी माणसं रोज यायची. न दिसणारी खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवायची. ती पकडायची एक युक्ती होती, तक्ता बदलायचा. त्यानं तक्ता बदलला. अगदी संथ आवाजात म्हणाला, "बाबा, तुमच्या खांद्यावर झुरळ बसलंय."

"काय जागा घेतलीत!" मास्तर म्हणाले.

त्या क्षणी चष्मेवाल्याच्या डोक्यात एक वर्षभराचा गुंता सुटला. शिट्टी वाजली तेव्हा पेपर वाचत बसलेले मास्तर. सगळ्याला वा. आणि 'सगळं खातो'! म्हणजे आपली सोयरीक जुळली ती या कानांच्या चुकीनं. तो खुर्ची ओढून मास्तरांच्या अगदी समोर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. मास्तरांनी डोळे उघडले.

"बाबा," तो तोंड त्यांच्या कानाशी नेऊन म्हणाला, "मी गात नव्हतो. काहीच चालू नव्हतं."

मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा झाला.

"कानाशी बोललं तर थोडं कळतं, लांबून नुसतं घुमल्यासारखं काहीतरी येतं," ते हळूच म्हणाले. "शब्द नाही, सूर नाही. गाण्याच्या मास्तराला ऐकू येत नाही म्हटल्यावर काय उरतं हो? वा म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही." मग त्यांनी जावयाचा हात घट्ट धरला. "घरात सांगू नका. पोरीला तर नकोच. तिचा बाप तिचं गाणं ऐकत नाही, हे तिला कळायला नको."

"बाबा, मी पण गात नाही. कधीच गात नव्हतो. मी त्या दिवशी 'खातो' म्हणालो होतो."

"काय होता?"

"खातो! बिस्किटं!"

मास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मग जमलं तर! तुम्ही माझं झाका, मी तुमचं झाकतो. तुम्ही तोंड हलवा, मी मान हलवतो. जन्मभर कुणाला पत्ता लागणार नाही."

सौदा इतका चोख होता की चष्मेवाल्यानं टाळीसाठी हात वर केलासुद्धा. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिचे डोळे अजून लाल होते. ती वडिलांना कप देताना हसली, पाहुण्यानं यजमानाकडे बघून हसावं तशी.

हात वरचा वर राहिला. त्याला कळून चुकलं की हा सौदा टिकला तर त्याची अब्रू राहील आणि हिला हे परकेपण जन्मभर पुरेल. आणि सौदा मोडला, या माणसाला कान मिळाले, तर पहिला बळी आपला. कान फुटलेल्या परीक्षकापुढे तो राजा होता. तो मनातल्या मनात चरफडला. मग उठला, स्पीकरची वायर पुन्हा जोडली, आणि खोक्याच्या तळाशी पडलेला मोठा, उशीसारखा हेडफोन बाहेर काढला.

"हे काय?" सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"परीक्षकाचा हेडफोन," चष्मेवाला ठणकावून म्हणाला. "कराओकेत परीक्षकाला हा लावावाच लागतो. नियम आहे." असा काही नियम नव्हता. त्यानं हेडफोन मास्तरांच्या डोक्यावर चढवला, वायर मिक्सरमध्ये खोचली आणि हेडफोनच्या आवाजाचे नॉब एकेक करत वर नेले. बारीक सुरांचा नॉब तर पार टोकाला. मास्तर डोळे वटारून त्याच्याकडे बघत होते. "विश्वासघातकी," ते पुटपुटले.

"म्हण," चष्मेवाला दुसरा माइक बायकोच्या हातात देत म्हणाला. "मघाचंच."

तिनं मनाविरुद्ध सुरुवात केली. पहिल्या शब्दाला मास्तर दचकले. दुसऱ्या शब्दाला त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला.  पहिली ओळ संपली, दुसरी संपली, अंतरा आला.

"थांब!"

ती थांबली.

"कुठं पळतेस? गाडी सुटतेय का? वरचा सूर लागलाच नाही, नुसता हात लावून परत आलीस! आणि श्वास कुठं घेतलास? शब्द मधून तोडलास! हेच शिकवलं का मी तुला? पुन्हा म्हण!"

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई कप हातात घेऊन थिजल्या. "अगंबाई, हे ओरडताहेत," त्या म्हणाल्या, आणि हे त्या असं म्हणाल्या की जणू पावलं टाकणाऱ्या बाळाकडे बोट दाखवताहेत.

बायकोनं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. पुन्हा शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या खेपेला सूर जिथं लागायचा तिथं लागला आणि मास्तर काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ती हेडफोनच्या वायरीकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिली, आणि तिला सगळं उमगलं.

"बाबा, तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?"

"नाही गं, राणी. कधीपासून तुझा आवाज ऐकला नव्हता."

"मला वाटलं, तुम्हाला माझं गाणं आवडेनासं झालं." ती त्यांच्या गुडघ्याशी बसून हुंदके देत रडली, आणि मास्तर, हेडफोन न काढता, तिच्या डोक्यावर थोपटत म्हणत होते, "रड, पण रडताना श्वास नीट घे."

चष्मेवाला हळूच दाराकडे सरकला. त्याच वेळी मेव्हणा सेल घेऊन आत आला आणि वाट अडली.

"जावईबापू," मास्तर गोड आवाजात म्हणाले. "सौदा तुम्ही मोडलात. आता या."

पळायला जागा नव्हती. त्यानं खिशातले सेल काढून मुकाट्यानं माइकमध्ये भरले आणि डोळे मिटून गायला सुरुवात केली. त्याबद्दल जास्त न लिहिणंच बरं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मेव्हणा मोबाइल विसरला आणि धावत जाऊन आवाजाच्या नॉबला हात घालणार, तोच मास्तरांनी फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावशील तर खबरदार!"

"बाबा, अहो, केवढं बेसूर गाताहेत!"

"ते कळतंय मला!" मास्तर हेडफोन कवटाळून ओरडले. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. "एकेक सूर कळतोय, कुठला कुठं घसरलाय ते! थांबू नका हो, जावईबापू. होऊ द्या आणखी एक. आणि तू रे, बघत काय राहिलास? आवाज वाढव!"